आत्यांची पोथी

मागच्या वर्षी एक जानेवारीला आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एकीनं टाकलं, या वर्षी प्रत्येकीनं २४ कादंबऱ्या वाचायच्या, महिन्याला दोन, वाचून झाली की ग्रुपवर चार ओळी लिहायच्या, बास. १७ जणींनी अंगठा दाखवला, त्यातल्या फेब्रुवारीपर्यंत सहा उरल्या आणि दिवाळीपर्यंत तीन. मी त्या तिघींतली. तशी मी काही फार मोठी वाचक नाही. कॉलेजात वाचायचे, मग लग्न, पोरगं, नोकरी, आणि २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या भाड्याच्या घरात पाणी शिरलं तेव्हा होती नव्हती ती पुस्तकंपण गेली. पुस्तक पुरात भिजलं की त्याची वीट होते नुसती, पानं सुटत नाहीत आणि वास महिनाभर नाकातनं जात नाही. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं तेव्हा अशीच गेली, त्यापुढं माझ्या दोन फळ्या म्हणजे किस झाड की पत्ती, पण त्यानंतर मी पुस्तक विकत घेणंच सोडलं होतं. आता आम्ही विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुद्दाम दुसऱ्या.

तर ठरवलं होतं की वर्ष संपलं की सगळ्या कादंबऱ्यांना मार्क देऊन एक मस्त पोस्ट टाकायची. लिहायला बसले तर लक्षात आलं की माझ्या एकटीच्या मार्कांना काही अर्थच नाही, कारण मार्चपासून बहुतेक कादंबऱ्या मी एकटीनं वाचल्याच नाहीत, आमच्या आत्यांना वाचून दाखवल्या. आत्या म्हणजे सासूबाई, आमच्याकडं आत्याच म्हणतात. वय ७३, शुगरनं डोळ्याचा पडदा खराब झालाय, टीव्हीवर त्यांना नुसते रंग हललेले दिसतात. शाळा चौथीपर्यंत. माहेर आटपाडी तालुक्यातलं आणि सासर वाळवा तालुक्यातलं, म्हणजे एकाच जिल्ह्याची दोन टोकं, तिकडं हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालायचं आणि इकडं उसात गुडघाभर पाणी.

जानेवारीत मात्र एकटीच होते. पहिली घेतली ययाति. खांडेकर आपल्या सांगलीत जन्मलेले, १८९८ साली, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांचं, त्यामुळं देवाचं नाव घेऊन सुरुवात करतात तसं. अकरावीत असताना मी यातली वाक्यंच्या वाक्यं वहीत उतरवून घेतली होती हिरव्या शाईनं. आता चाळिशीत वाचताना काय झालं काय माहीत, ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते, आणि मला तिघांचा आवाज एकच ऐकू येतो. देवयानी चिडली तरी फुलं पडतात आणि शर्मिष्ठा रडली तरी फुलं पडतात. पण देवयानी आवडली हं, सगळ्यांत जास्त तीच आवडली, कारण तिच्या रागाला काहीतरी वजन आहे, बाकी ययातीला तर सारखं वाटत होतं कुणीतरी उठवून स्वतःचं ताट धुवायला लावावं. ग्रुपवर हे लिहिल्यावर दोघींनी मला दोन दिवस धारेवर धरलं.

दुसरी शाळा, मिलिंद बोकीलांची. ही दोन रात्रीत संपली. बाहेर आणीबाणी चाललेली आणि नववीतल्या मुक्या जोशीला शिरोडकर आज कुठल्या रस्त्यानं क्लासला जाणार एवढंच पडलेलं, हे इतकं खरं आहे की मला माझ्या शाळेतली भिंतपण दिसायला लागली. एकच तक्रार आहे. शिरोडकर आपल्याला कायम त्याच्याच डोळ्यांनी दिसते. मी त्या वयात मुलींच्या बाकावर बसलेली आहे आणि तिथं काय काय बोलणं चालायचं मला माहितीय, त्यातलं एक टक्कापण मुक्याला ठाऊक नाही. ती दुसरी कादंबरी कुणीतरी लिहायला पाहिजे, तिच्या बाजूची.

मार्चमध्ये मी आनंद यादवांची गोतावळा घेतली होती. कुकर लावून स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाचत होते आणि मधेच हसले. आत्या शेजारी लसूण सोलत होत्या, डोळ्यांना दिसत नसलं तरी हे काम त्या बोटांनी करतात. म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचतीस गं, मोठ्यानं वाच की, मला बी कळंल." म्हटलं ठीक आहे, एक पान वाचते. दोन पानं झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. "म्होरकी म्हंजी काय, ठावं हाय का तुला?" मी म्हटलं, "बैलाच्या नाकातली दोरी." "ती येसण. म्होरकी तोंडाला असती." मला आजपर्यंत दोन्ही एकच वाटायचं. मी सांगली शहरात वाढलेली, बाप पोस्टात, मी बैलाच्या नाकापर्यंत कधी पोचलेच नव्हते.

त्या दिवसापासनं रोज जेवणं झाली की आत्या म्हणायच्या, "लाव पोथी." त्यांच्या गावात श्रावणात देवळात पोथी लावायचे, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, बाया भिंतीला टेकून ऐकायच्या. आमच्या घरात वाचणारी मी आणि अर्थ सांगणाऱ्या ऐकणाऱ्याच. आणि त्यांचा एक नियम होता जो मला आधी माहीत नव्हता. पोथी वाईटावर थांबवायची नाही. कुणी मेलं, कुणाचं वाटोळं झालं, तर तिथं खूण घालून झोपायला जायचं नाही, पुढं काहीतरी बरं येईपर्यंत वाचायचं, मग थांबायचं. नियम ऐकायला छान आहे पण मराठी कादंबरीला लावून बघा एकदा.

गोतावळ्यातला नारबा दुसऱ्याच्या मळ्यावर गडी म्हणून राबणारा, लग्न नाही, स्वतःचं म्हणावं असं माणूस नाही, गोठ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. कागलकडची भाषा, सगळी कादंबरी त्याच्याच तोंडून. ही मनात वाचली असती तर मी भाषा आवडली म्हणून चार स्टार देऊन मोकळी झाले असते. मोठ्यानं वाचताना ती भाषा माझ्या जिभेला वळेना, मी शहरी उच्चार करायचे आणि आत्या तोच शब्द परत म्हणून दाखवायच्या, आणि त्यांनी म्हटला की वाक्य एकदम जागेवर बसायचं. जनावरं एकेक करून जातात, शेवटी मालक ट्रॅक्टर आणतो. आत्या डोळ्याला पदर लावून बसल्या. मला वाटलं कादंबरीसाठी रडतायत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आमचा खिलारी इकला तवा मी माहेराला गेल्ते. मुद्दाम." इतकंच. नवरा आतून बाहेर आला आणि त्यालाही ही गोष्ट पहिल्यांदाच कळली, स्वतःच्या आईची. पुढं बरं काही येणार नव्हतं, मग नियम पाळायचा म्हणून मी पहिलं प्रकरण परत वाचलं, त्यात सगळी जनावरं जिवंत होती.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की कादंबरी मोठ्यानं वाचली की तिचं सोनं का पितळ ते कळतं. मनात वाचताना आपण वाईट वाक्यावरनं नुसती नजर घसरवत जातो, आवाजात घसरता येत नाही. हे मी नंतर ययातिवर पण करून बघितलं, एक प्रकरण आत्यांना वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "कीर्तन चांगलं हाय. पर ती बाई कवा बोलायची?" मी म्हटलं, "आत्या, आत्ता बोलत होती ती बाईच होती."

उन्हाळ्यात एकदम तीन दुःखाच्या घेतल्या आणि ती माझीच चूक. उद्धव शेळक्यांची धग, बोराड्यांची पाचोळा आणि सदानंद देशमुखांची बारोमास. धग वऱ्हाडीत आहे, ते काही माझ्या तोंडी बसेना, आत्या तर म्हणाल्या, "ही कुठली भाषा, गोड हाय पर समजंना," पण कौतिक त्यांना समजली. तिचा नवरा महादेव काही कामाचा नाही हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं. पाचोळ्यात शिंप्याची बायको सगळं सांगते, नवऱ्याचं खचत जाणं ती ज्या सुरात सांगते त्या सुराला मी पैकीच्या पैकी देते, इतकं थोडं बोलून इतकं सांगणारी बाई मराठीत दुसरी मला माहीत नाही. बारोमासला साहित्य अकादमी मिळालीय, शिकलेला एकनाथ, नोकरी नाही आणि शेतीत काही उरत नाही, सगळं पटतं, पण खरं सांगू का, मधेमधे मला वर्तमानपत्र वाचल्यासारखं झालं. दुःख खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. लेखकाला ते आपल्याला पटवून द्यायची घाई झालीय असं वाटतं. मे महिन्यात रोज रात्री पोथी बरी जागा सापडेपर्यंत पुढं पुढं सरकत बारा वाजायचे आणि सकाळी मी ऑफिसात जांभया देत बसायचे.

मग बनगरवाडी आली आणि मला कळलं दुष्काळ कसा लिहायचा.

ही मी शाळेत धड्यापुरती वाचलेली. पुस्तक १९५५ चं, जेमतेम सव्वाशे-दीडशे पानं. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे, म्हणजे आत्यांच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर म्हटलं तरी चालेल. नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं, मग आम्ही एसटीनं निघालो, तासगाव, विटा, खानापूर, भिवघाट करत, आणि पुस्तक पिशवीत. एसटीत मोठ्यानं वाचायची मला लाज वाटत होती. आत्यांना वाटत नव्हती. विट्यापासून मी त्यांच्या कानाशी वाकून वाचत होते आणि मागच्या सीटवरचे एक फेटेवाले आजोबा पुढं सरकून ऐकायला लागले. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळेत पोरं नाहीत कारण पोरं मेंढरांमागं, कारभारी हळूहळू त्याला आपला म्हणतो, मग तालीम बांधायचं निघतं. तालमीचं उद्घाटन करायला राजा येतो तिथं आत्यांना राहवेना. "औंधाचा राजा!" म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की कंडक्टरनं वळून बघितलं. आटपाडी औंध संस्थानात होती. आत्यांचे वडील संस्थानच्या शाळेत शिकलेले आणि तिथं रोज सूर्यनमस्कार घालायला लागायचे, कारण राजाला त्याचं वेड, आणि म्हातारपणीसुद्धा वडील पहाटे उठून परड्यात नमस्कार घालायचे म्हणे. आत्या पुस्तकातल्या राजाला असं ओळखत होत्या जसं आपण गल्लीतल्या नगरसेवकाला ओळखतो.

भिवघाट उतरल्यावर विचारलं त्यांनी, बाहेर काय दिसतंय. म्हटलं, डाळिंबाच्या बागा, ठिबकच्या काळ्या नळ्या, शेततळी. "आणि मेंढरं?" एक कळप दिसला, खरंच दिसला, तेवढ्यासाठी मी खिडकीतनं डोकं बाहेर काढून बघत होते. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून तिकडं बरंच पालटलंय. पण पुस्तकातल्या शेवटच्या भागात पाऊस येत नाही आणि वाडी एकेक करून उठून जाते, आणि माडगूळकर कुठंही गळा काढत नाहीत. मास्तर हिरो नाही. तो वाडी वाचवत नाही. त्याला वाचवता येण्यासारखं काही नव्हतंच, तो फक्त तिथं होता आणि त्यानं बघितलं. मला ही वर्षातली सगळ्यांत चांगली कादंबरी वाटली आणि मी ती शाळेत चार मार्कांच्या संदर्भासहित स्पष्टीकरणासाठी घोकली होती याचं आता वाईट वाटतं.

माहेर झालं म्हणून मग सासर. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, तालुका वाळवा. आत्या म्हणाल्या, "म्हंजी आमच्याकडचंच की." शाळा दीड दिवस शिकलेला माणूस १९५९ साली फकिरा लिहितो आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करतो. मी ती आधी वाचलेली नव्हती, सांगली जिल्ह्यात राहून. याला काय म्हणावं. मोठ्यानं वाचण्यात या वर्षी फकिराइतकी दुसरी कुठलीच रंगली नाही, अण्णाभाऊ शाहीर होते हे वाक्यावाक्याला कळतं, श्वास कुठं घ्यायचा ते लिहिणाऱ्यानंच ठरवून ठेवलंय. सुरुवातीलाच राणोजी शेजारच्या गावाची जोगणी, म्हणजे त्यांच्या जत्रेचा मान, पळवून आणतो, आणि आपल्या शिवेच्या आत आल्यावर हात लावायचा नाही हा रिवाज मोडून त्याला मारतात. आता आली का पंचाईत. बापाला मारल्यावर बरं काय येणार? आम्ही वाचत राहिलो, वाचत राहिलो, साडेबारा वाजले, नवरा दोनदा येऊन लाइट बघून गेला. आत्यांचं म्हणणं, जरा पोरगा मोठा झाला की थांबू.

माझी तक्रार एवढीच की फकिरा मला कुठं चुकताना दिसत नाही. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, इंग्रजांना झुलवतो, शब्दाला जागतो, सगळं बरोबर, पण माणूस कमी आणि पोवाडा जास्त. हे मी आत्यांना म्हटलं. "पवाडाच हाय त्यो," त्या म्हणाल्या, "पवाड्यात चुका कोण सांगतंय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि ग्रुपवर मी ते त्यांचं नाव न घेता माझं मत म्हणून खपवलं.

पावसाळ्यात परदेशी घेतल्या, म्हणजे मराठीतनंच. पुलंनी केलेलं हेमिंग्वेचं एका कोळियाने. म्हातारा ८४ दिवस समुद्रावर जातोय आणि एक मासा मिळत नाही, इथंच आत्यांनी हात वर केला. "चवऱ्याऐंशी दिस न्हाई मिळाला? मग खात काय हुता? उधारी कोण देत हुतं?" मी चार पानं मागं जाऊन शोधलं, तो पोरगा त्याला हॉटेलातनं आणून देतो. समाधान झाल्यावरच पुढं जाऊ दिलं. एवढा मोठा मासा शेवटी शार्क खातात त्यावर मात्र काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "ऊस तुटायच्या येळंला पूर आल्यागत झालं." मी यावर कॉलेजात प्रतीक, संघर्ष वगैरे दीड पान लिहून आले होते.

राम पटवर्धनांचं पाडस पण तेव्हाच. माझं कॉलेजातलं सगळ्यांत लाडकं पुस्तक, पुरात गेलं त्यात हे होतं म्हणून परत विकत घेतलं, पाच वर्षांनी पहिलं विकत घेतलेलं पुस्तक. ज्योडी आणि त्याचं हरणाचं पाडस, पाडस मोठं होऊन पीक खायला लागतं, आणि आई म्हणते आता काही खरं नाही. आपण सगळे वाचताना ज्योडीच्या बाजूनं असतो ना? आत्या पहिल्या दिवसापासून आईच्या बाजूनं. "हरणाचं लाड करायचं तर पोरांनी खायाचं काय?" चांदोलीच्या जंगलाकडनं गवे उसात येतात ते त्यांना ऐकून माहीत आहे, मध्यंतरी एक तर सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला होता. शेवट वाचताना माझा आवाज बसला आणि त्यांनी कोरड्या डोळ्यांनी मला पाणी आणून दिलं, भिंतीला धरत धरत. बरी जागा वगैरे शोधायचं त्या दिवशी दोघींच्या डोक्यात आलं नाही.

काही मी एकटीनंच वाचल्या. विश्राम बेडेकरांची रणांगण, १९३९ ची, जहाजावर जर्मनीतनं पळालेले ज्यू आणि चक्रधर आणि हॅर्टा. छोटीशी आहे, एका रविवारी दुपारी झाली, आणि संध्याकाळी मी कुणाशी बोलले नाही. ही आवाजात वाचण्यासारखी नाही, ही पत्रासारखी आहे, ज्याच्या नावावर आलंय त्यानंच उघडावी. नंदा खरे यांची उद्या पण एकटीनंच, तिच्यात फोनपासून सगळ्याला पाळत आणि सगळ्याचा हिशोब, डोकं दुखलं पण पटली, आणि अकादमी जाहीर झाल्यावर त्या माणसानं सरळ नको म्हटलं यानं तर आदर दुप्पट झाला. तुंबाडचे खोत दोन खंडांतली, पहिला खंड आवडला, दुसऱ्याच्या मध्यावर माझं कोण कुणाचा चुलता हे बिघडलं, ग्रुपवर मी ती पूर्ण झाली म्हणून लिहिलं, आज कबूल करते, शेवटची शंभर पानं चाळलीत. धरणानं उठवलेल्या माणसांची झाडाझडती मात्र नवऱ्यानं वाचून दाखवली, त्यानंच मागून घेतली. त्याच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर चांदोलीतनं उठवलेल्या वसाहतीतला एकजण आहे, जमीन एकीकडं, घर दुसरीकडं, देव तिसरीकडं. धरणाच्या पाण्यावर आमचा वाळवा हिरवा, ते पाणी कुणाच्या चुलीवरनं आलंय हे आत्यांना त्या आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सत्तांतर एका बैठकीत, माकडांच्या टोळ्या आणि त्यांचे म्होरके, आत्या म्हणाल्या, "भाऊबंदकी हाय ही, शेपटी तेवढी जास्त."

कोसला सप्टेंबरात. मला भीती होती की हे त्यांना काहीच कळणार नाही, पुण्यातलं होस्टेल, मेस, १९६३ ची तरुण पोरं. त्यांना सगळ्यांत जास्त हसू यात आलं. पांडुरंग सांगवीकर मेसचा कारभार अंगावर घेतो आणि हिशोबात बुडतो तिथं तर त्या आडव्या झाल्या, म्हणाल्या, "आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी ह्योच." आणि त्या पांडुरंगाचं ते सारखंसारखं उदाहरणार्थ. आठवडाभर आमच्या घरात दुसरं काही नव्हतं. "उदाहरणार्थ चा टाक." "उदाहरणार्थ लाईट गेली." पोरगा शाळेत जाऊन बाईंपुढं म्हणून आला.

मग मनी आली. मी विसरले होते, शपथ विसरले होते, वीस वर्षांपूर्वी वाचलेली, लक्षात होतं ते फक्त टिंगलटवाळी. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीनं जाते आणि नेमाडे तिथं सगळी टिंगल बाजूला ठेवतात, आणि मी वाचत गेले कारण थांबायचं कसं ते कळेना. मधेच बघितलं तर आत्या स्वतःच्या गालावर बोट फिरवत होत्या. त्यांच्या गालावर देवीचे वण आहेत, लग्न होऊन आल्यापासून मी बघतेय, कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या पाठचा भाऊ त्याच साथीत गेला. त्या उठल्या, तो गेला. त्याचं नाव त्यांनी त्या रात्री मला सांगितलं, इथं नाही लिहीत. मी पानं पुढं उलटून बरी जागा शोधायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आज. मीट."

दुसऱ्या दिवशी पुढं चालू केलं, पण उदाहरणार्थ परत कुणी म्हटलं नाही.

विशीत मला कोसला म्हणजे बंड वाटायचं. आता मला त्यातला बाप दिसतो, गावाकडनं पैसे पाठवणारा. तरीपण वर्षातली दुसरी सगळ्यांत चांगली, बनगरवाडीच्या केसभर खाली, आणि हे केसभरसुद्धा मी एसटीतल्या त्या प्रवासामुळं देतेय.

नोव्हेंबरात ग्रुपवर वाद झाला. मी सांगून टाकलं होतं की मी वाचून दाखवते, तर एकीनं विचारलं मग सासूबाईंच्या पण धरायच्या का, ऐकलेली कादंबरी वाचलेली धरतात का. ऑडिओबुक धरतो मग ही का नाही, यावर ७० मेसेज पडले. आत्यांना सांगितलं तर त्यांना त्यात काही रस नव्हता, त्यांनी फक्त विचारलं, "किती झाल्या आपल्या?" तेव्हा माझ्या २१ होत्या आणि आपल्या १५.

बाविसावी मृत्युंजय. यात त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं, पांडवप्रताप ऐकून त्यांना सगळी माणसं पाठ. कर्ण त्यांना लाडका, तरी द्रौपदीच्या वेळी तो जे बोलला ते सावंतांनी कितीही समजावून सांगितलं तरी त्या सोडायला तयार नाहीत. तेविसावी मी गारंबीचा बापू पटकन उरकली, पटकन म्हणजे खरंच आवडली, पण डिसेंबर धावत होता.

चोविसावी त्यांनी सांगितली. स्वामी. रणजित देसायांची ही त्यांच्या आईकडं होती म्हणे, कव्हर नसलेली. १० डिसेंबरला लावली. खरं सांगायचं तर मला ती जरा गोडच वाटते, सगळेच शहाण्यासारखं बोलतात, माधवराव आणि रमाबाईंचे प्रसंग इतके साखरेचे की चहा पिताना वाचू नयेत, आणि मला सगळ्यांत जिवंत वाटला तो राघोबा, ज्याला स्वतःलाच काय पाहिजे ते कळत नाही. आत्यांना मात्र सगळं आवडलं. गोपाळराव पटवर्धनांचं नाव आलं तर, "म्हंजी आपल्या मिरजंचं व्हय?" आणि आम्ही डोळे दाखवायला मिरजेला जातो तिथं रिक्षात बसून त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, इथले पटवर्धन पेशव्यांच्या पुस्तकात आहेत म्हणून. सोळा वर्षांच्या पोरानं पेशवाई घेतली, पानिपतानंतर सगळं मोडून पडलेलं, ते त्यानं गोळा केलं, चुलत्याला आवरलं, आणि क्षयानं अंथरूण धरलं.

३१ डिसेंबरला आम्ही थेऊरपर्यंत आलो. बाहेर पोरं फटाके उडवत होती. शेवटची पंचवीस-तीस पानं असतील. ग्रुपवर मी सकाळीच लिहून ठेवलं होतं, आज २४ पूर्ण, फोटो टाकते. आत्यांनी विचारलं, "फुडं काय हाय?"

त्यांना माहीत होतं. १७७२ साली सत्ताविसाव्या वर्षी माधवराव थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे कुणाला माहीत नाही. तरी मी सांगितलं.

"आणि त्याच्याफुडं?"

म्हटलं, "त्याच्यापुढं काही नाही, आत्या. तिथंच संपतं पुस्तक."

"मग बरी जागा कुठली?"

मी मागची चार पानं बघितली. रमाबाई त्यांच्या उशाशी बसलेल्या आहेत आणि ते जागे आहेत, एवढं एक सापडलं. तेवढं वाचलं.

"हितंच घाल खूण," म्हणाल्या, आणि भिंत धरून झोपायला गेल्या.

आज १९ जानेवारी आहे. खूण तिथंच आहे, एसटीचं तिकीट आहे, आटपाडीचं. ग्रुपवर विचारतायत फोटो कुठंय. मधे एकदा मी एकटीनं वाचून संपवावं म्हणून पुस्तक हातात घेतलं होतं, तर आतनं आवाज आला, "काय गं, पोथी लावतीस व्हय?"

म्हटलं, "नाही, धूळ झाडत होते."